औषध खोलीत, नोंद वहीत आणि आपण रांगेत



"मावशी, बीपीची गोळी संपलीय. बाहेरून घ्या."

हे वाक्य आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांना तोंडपाठ आहे. खिडकीतून चिठ्ठी बाहेर येते. ती घेऊन मावशी मेडिकलवर जातात, भाव ऐकतात आणि तीस गोळ्यांऐवजी दहाच घेतात. दहा दिवस रोज एक, पुढे दिवसाआड, आणि मग "आता बरं वाटतंय" म्हणून बंद. बीपी दुखत नाही, त्यामुळे गोळी बंद झाल्याचे शरीर लगेच सांगत नाही. सांगते ते एखाद्या सकाळी, हात उचलता येत नाही तेव्हा.

या पानावर आम्ही महिनोन्‌महिने लिहीत आलो, की मीठ कमी खा, गोळी चुकवू नका. पण गोळी हातातच पडली नाही तर चुकवू नका हे कोणाला सांगायचे? म्हणून या वेळी पथ्यपाणी बाजूला ठेवून, औषध खिडकीपर्यंत कसे पोहोचते आणि कुठे अडते, याबद्दल लिहीत आहोत. विषय कोरडा वाटेल. संगणकावरून औषधांची मागणी आणि ती करणारे कर्मचारी यांच्याशी आपला काय संबंध, असेही वाटेल. पण मावशींच्या दहा गोळ्या आणि त्या संगणकाच्या पडद्यावरचा आकडा यांचा अगदी जवळचा संबंध आहे.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. दवाखान्यात संगणक बसवल्याने औषध येत नाही. तो चालवणाऱ्या माणसाला ती पद्धत आपली वाटली, तरच औषध येते. त्या माणसाला सोबत घेण्याचे काम सरकारने अर्धवट सोडले आहे. आणि आपणही खिडकीवर फक्त भांडून त्यात काही भर घातलेली नाही.

पद्धत काय आहे

सरकारी दवाखान्यातल्या औषधांचा हिशेब ठेवण्यासाठी 'ई-औषधी' नावाची संगणक प्रणाली आहे. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संस्थेने ती तयार केली. राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू झाली, तेव्हा तिथला साठा सांभाळायला ही प्रणाली वापरली गेली. आपल्या राज्यातही ती आहे. कोणते औषध किती आले, कोणत्या बॅचचे, मुदत कधी संपणार, किती वाटले आणि किती उरले, हे सगळे तिच्यात नोंदवायचे असते. दवाखान्याने मागणीही त्यातूनच करायची आणि जिल्ह्याच्या भांडाराने ती बघून माल पाठवायचा.

मोठी खरेदी वरच्या पातळीवर होते. राज्यात आधी ती हाफकिन महामंडळाकडे होती. पुढे २०२३ च्या कायद्याने त्यासाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे राहिले. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चांगली गोष्ट झाली. पण केसपेपरचे पैसे वाचले आणि औषध मात्र बाहेरून आणायला लागले, तर गरिबाच्या खिशाला फारसा फरक पडत नाही.

वरच्या पातळीवरच खरेदी अडली, तर खिडकीवरचा माणूस काही करू शकत नाही, हेही मान्य केले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये क्षयरोगाच्या औषधांचा पुरवठा लांबला आणि केंद्राने राज्यांना तात्पुरती स्थानिक खरेदी करायला सांगितले. तो दोष दवाखान्यातल्या ताईंचा नव्हता. पण औषध जिल्ह्यापर्यंत आलेले असते, कधी दवाखान्याच्या दारातही आलेले असते आणि तरी रुग्णाला मिळत नाही, असेही होते. आम्ही बोलतो आहोत ते या शेवटच्या टप्प्याबद्दल.

आम्ही काय पाहिले

गेल्या पावसाळ्यात आमच्या महिला मंडळाच्या काही जणींसोबत आम्ही वस्तीजवळच्या एका दवाखान्यात चौकशीला गेलो. दवाखान्याचे नाव मुद्दाम देत नाही. नाव दिले की एखाद्या कर्मचाऱ्याला नोटीस जाते आणि बाकी सगळे जसेच्या तसे राहते.

खिडकीवर "गोळी नाही" हे उत्तर मिळाले. पण औषधाच्या खोलीचे दार उघडे होते आणि दाराआड बंद खोकी रचलेली दिसत होती. आमच्यातल्या एका काकूंनी विचारले, "हे काय मग?"

"ती शुक्रवारी आलीत. अजून सिस्टीमला चढवली नाहीत."

"चढवली नाहीत म्हणजे?"

"आवक चढल्याशिवाय जावक निघत नाही, काकू. आयडी साहेबांच्या नावावर आहे आणि साहेब रजेवर आहेत."

म्हणजे गोळी रांगेपासून दहा पावलांवर होती. चोरी झालेली नव्हती, मुदत संपलेली नव्हती, पैसेही थकलेले नव्हते. फक्त नोंद झालेली नव्हती. आणि नोंदीशिवाय गोळी दिली तर उद्या हिशेबात तूट दिसेल, या भीतीने खिडकीवरची ताई हात लावायला तयार नव्हती.

आम्हाला आधी राग आला. मग त्या ताई दुपारी डबा खाताना मोकळेपणी बोलल्या, तेव्हा राग थोडा उतरला. त्या औषधनिर्मात्या आहेत, कंत्राटी आहेत आणि आपल्यासारख्याच एका वस्तीतून शिकून वर आल्या आहेत. त्यांनी सांगितलेले असे.

नोंद रजिस्टरमध्येही करायची आणि संगणकातही. तपासणीला येणारे आधी रजिस्टरच मागतात, म्हणून तिथली नोंद चुकवता येत नाही. सकाळी खिडकी उघडल्यापासून रांग असते. रांग संपली की नेट नसते, नेट आले की वीज जाते. प्रशिक्षण एकदाच झाले, एका मोठ्या सभागृहात. पडद्यावर एक गृहस्थ भराभर बटणे दाबत गेले. यांनी दुसऱ्यांदा शंका विचारली तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणाले, "सवलतीत पास झालं की असं होतं." लोक हसले. ताईंनी पुन्हा हात वर केला नाही.

तेव्हापासून त्या दिवसभराचे वाटप एका वहीत लिहून ठेवतात आणि आठवड्यातून एकदा शेजारच्या विभागातला मुलगा ते संगणकात भरून देतो. त्यामुळे जिल्ह्याच्या भांडाराला या दवाखान्याचा जो आकडा दिसतो, तो आठवडाभर शिळा असतो.

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराजवळ येऊ दिले नाही, त्याच्या लेकीला नव्या यंत्रासमोर हसले जाते, आणि त्याची किंमत तिच्याच वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका गोळीविना मोजतात. आम्हाला हे सगळ्यात जास्त लागले.

शून्याचा हिशेब

आता एक साधा हिशेब करू. हा समजला की कर्मचारी सोबत असणे का गरजेचे आहे, ते कळेल.

समजा, एका दवाखान्यात बीपीचे १२० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाला रोज एक गोळी लागते. महिन्याला झाल्या ३,६०० गोळ्या. सहा महिन्यांपैकी दोन महिने साठा संपलेला होता. मग वाटप झाले ते चारच महिने, म्हणजे १४,४०० गोळ्या. आता पुढची मागणी ठरवताना कोणी १४,४०० ला सहाने भागले, तर महिन्याची सरासरी येते २,४००. पुढच्या खेपेला तेवढ्याच मागवल्या तर त्या ८० जणांना पुरतील. ४० जण पुन्हा चिठ्ठी घेऊन मेडिकलवर. आणि ते मेडिकलवर गेले की दवाखान्याच्या कागदावर त्यांची गरजही दिसेनाशी होते.

तेच १४,४०० ला साठा असलेल्या चार महिन्यांनी भागले, की बरोबर ३,६०० येतात.

हिशेब रजिस्टरात करा की संगणकात, फरक पडतो तो एकाच गोष्टीने. रकान्यातल्या शून्याचा अर्थ कोणाला माहीत आहे? "रुग्ण आला नाही म्हणून दिली नाही" आणि "रुग्ण आला होता, पण गोळी नव्हती" या दोन्हींचे शून्य दिसायला सारखेच. यंत्राला जेवढे सांगाल तेवढेच ते जाणते. दोन महिने कोण कोण रिकाम्या हाताने परत गेले, हे खिडकीवर बसलेल्या माणसालाच ठाऊक असते. त्याने मनावर घेतले तर मागणी बरोबर जाते. त्याने नुसते मागच्या वर्षीचे आकडे उचलून भरले तर कमतरता दर खेपेला पुढे सरकते, आणि संगणक ती अगदी स्वच्छ अक्षरांत छापून देतो.

विदर्भातल्या आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. ज्या लेकरांना डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरिया लावले आहे, त्यांना ते रोज घ्यावे लागते. त्यांची संख्या दवाखान्यागणिक थोडी असते, म्हणून सरासरीत ती सहज हरवते. पण त्या घराला ती सरासरी नसते. गोळी तुटली की वेदनेचा झटका, झटका आला की दवाखान्यात भरती, आणि आईची मजुरी बुडते.

दोन्ही बाजूंची सोपी उत्तरे

यावर दोन सोपी उत्तरे ऐकू येतात. पहिले अधिकाऱ्यांचे: "कर्मचाऱ्यांना बदल नकोच असतो. दोघांचे पगार कापा, सगळे नोंदी करू लागतील." दुसरे आपल्याच लोकांचे: "सगळे चोर आहेत. औषध बाहेर विकतात."

औषध बाहेर जाण्याचे प्रकार होतात, हे आम्ही नाकारत नाही. असे करणाऱ्याला आमची कसलीही सहानुभूती नाही. तो आपल्या समाजाचा असला तरी नाही. उलट बॅच नंबरासकट नोंद असली की माल कुठून कुठे गेला याचा माग काढता येतो, म्हणून ही पद्धत आपल्याला हवीच आहे. पण ज्याला नोंद करता येत नाही, ज्याला भीती वाटते आणि ज्याला चोरी लपवायची आहे, हे तीन वेगळे लोक आहेत. तिघांना एकच काठी मारली तर पहिले दोघे तिसऱ्याच्या आडोशाला जाऊन उभे राहतात.

धाकाने नोंदी वाढतात, पण त्या खऱ्या असतीलच असे नाही. महिनाअखेरीस बसून हिशेब जुळेल असे आकडे भरले, की पडदा हिरवा दिसतो आणि कपाट रिकामे असते.

१९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत त्यांच्या अध्यक्षतेखाली कामगार परिषद भरली. सरकार, मालक आणि कामगार या तिघांनी एकत्र बसून कामगारांचे प्रश्न सोडवायचे, अशी कायमची व्यवस्था तिथून उभी राहिली. ज्याच्या हातून काम होते त्याला निर्णयाच्या टेबलाशी जागा द्यायची, हा त्यातला विचार. आज दवाखान्याच्या औषधखोलीत नवी पद्धत आणताना तिथल्या ताईंना कोणी विचारले होते का?

आपल्या विनयपिटकात तर याहून जुनी गोष्ट आहे. भिक्खूसंघाचा साठा सांभाळायला भांडागारिक नेमण्याची रीत तिथे सांगितली आहे. तो कसा असावा? मर्जी, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा, आणि काय सांभाळले आहे व काय नाही हे जाणणारा. आणि नेमायचा कसा? आधी त्या भिक्खूला विनंती करायची, मग विषय संघापुढे ठेवायचा आणि संघाची संमती घ्यायची. भांडारावर बसणारा भयमुक्त असावा आणि त्याला आधी विचारले जावे, या दोन्ही गोष्टी तिथे आहेत. आपल्या औषधखोलीत आज दोन्ही नाहीत.

सरकारकडे आमचे मागणे

एक, दुहेरी काम बंद करा. नवी पद्धत रुजेपर्यंत तीन महिने रजिस्टर आणि संगणक दोन्ही चालू दे. नंतर एकच ठेवा आणि तपासणीलाही तेच मागा.

दोन, प्रशिक्षण सभागृहात नको, ज्याच्या त्याच्या खिडकीवर द्या. मराठीत, समोर बसून, शंका संपेपर्यंत. नवा कंत्राटी माणूस आला की पुन्हा. आणि शिकणाऱ्याला जातीवरून टोमणा मारणाऱ्याला तिथल्या तिथे समज द्या.

तीन, प्रत्येक दवाखान्यात किमान दोघांना स्वतंत्र आयडी द्या. एक माणूस रजेवर गेला म्हणून औषध अडता कामा नये.

चार, चूक दुरुस्त करण्याची सोय ठेवा. स्वतःहून चूक दाखवणाऱ्याच्या पगारातून वसुली करू नका.

पाच, नोंद केल्याचा फायदा कर्मचाऱ्याला दिसू द्या. तमिळनाडूत १९९४ साली औषधखरेदीसाठी महामंडळ स्थापन झाले. तिथे रुग्णालयाला पासबुक मिळते. आपल्या वाट्याची रक्कम किती, आतापर्यंत किती रकमेची औषधे उचलली आणि किती शिल्लक आहे, हे रुग्णालयाला स्वतःच्या हातातल्या पुस्तकात दिसते. आपल्याकडे ताई आकडे वर पाठवतात आणि वरून उत्तर येत नाही. उत्तर न येणाऱ्या पत्त्यावर कोणी मनापासून पत्र लिहीत नाही.

आणि सगळ्यात आधी, रिकामी पदे भरा आणि कंत्राटी पगार वेळेवर द्या. तीन महिने पगार थकलेल्या माणसाकडून रोजच्या रोज नोंदीची अपेक्षा करणे बरोबर नाही.

आणि आपण काय करायचे

मागणे सरकारकडे आहे, पण आपल्या हातातही बरेच आहे.

खिडकीवर "नाही" ऐकले की आवाज चढवण्याआधी चार गोष्टी विचारा. साठा खरोखर शून्य आहे, की आवक चढवायची राहिली आहे? मागणी कधी पाठवली? जवळच्या कोणत्या दवाखान्यात हे औषध आहे? पुन्हा कधी येऊ?

औषध मिळाले नाही तर केसपेपरवर "औषध उपलब्ध नाही" असे तारखेसह लिहून देण्याची विनंती करा. विहारात एक वही ठेवा. तिच्यात तारीख, दवाखाना आणि औषधाचे नाव एवढेच लिहा. रुग्णाचे नाव नको, कोणाचा आजार चार लोकांत उघड व्हायला नको. महिनाअखेरीस या वहीतून जो आकडा निघेल, तो म्हणजे वर सांगितलेल्या शून्याचा खरा अर्थ.

ही वही घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या किंवा जन आरोग्य समितीच्या बैठकीत जा. शहरातल्या वस्त्यांत महिला आरोग्य समिती असते, आशाताईंना विचारा. बैठकीत "अमुक बाई देत नाही" असे म्हणू नका. "अमुक महिन्यात इतक्या जणांना गोळी मिळाली नाही, पुढची मागणी यावरून करा" असे म्हणा. पहिले वाक्य बोलले की ताई आपल्या विरोधात जातात, दुसरे बोलले की त्या आपल्या बाजूने उभ्या राहतात, कारण त्यांनाही तेच म्हणायचे असते.

आपल्या वस्तीतली किती तरी माणसे सरकारी दवाखान्यांत परिचारिका, सफाई कामगार, शिपाई, औषधनिर्माते म्हणून राबतात. विहाराच्या अभ्यासिकेत संगणक जाणणारी मुले-मुली बसतात. संध्याकाळी तासभर त्यांनी या काका-काकूंना मराठी टायपिंग, तक्ता भरणे, चूक कशी सुधारायची हे शिकवावे. इथे मागच्या रांगेतून कोणी हसणार नाही. मात्र कोणाचा आयडी किंवा पासवर्ड घेऊन त्यांच्या नावाने काम करू नये. ते त्यांच्या नोकरीवर बेतू शकते.

आणि तोपर्यंत गोळी तोडू नका. बीपी, साखर, फिट, सिकलसेल यांची गोळी संपण्याच्या आठवडाभर आधी दवाखान्यात जा. नसेलच तर जनऔषधी केंद्रात स्वस्तात मिळते का पाहा. त्या औषधाऐवजी दुसरे चालेल का, हे डॉक्टरांना विचारा, शेजारणीला नको.

त्या दवाखान्यात आम्ही दिवाळीनंतर पुन्हा गेलो. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एका परिचारिकेलाही आयडी मिळवून दिला होता. दाराआड खोकी नव्हती. रजिस्टर मात्र अजून दोन्हीकडे भरावे लागते आणि नेट अजून जातेच. ताईंनी आमची वही मागून घेतली आणि खिडकीशी बसून आपल्या आकड्यांशी ताडून पाहिली. तीन औषधांची मागणी त्यांनी वाढवून पाठवली.

पुढच्या रविवारी वंदनेला येताना घरातल्या प्रत्येकाचा केसपेपर सोबत आणा. विहारात वही तयार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!